मारबत, बळीराजा आणि ख्रिस्त: फँटसी मालिकेतलं मरण कसं वाचावं

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पाचा विषय आहे ‘फँटसी मालिकांमधली ख्रिस्तसदृश पात्रं’. मालिका तिनं मोबाइलवर हिंदी डबिंगमध्ये पाहिल्या. कुठूनतरी पंचवीस लक्षणांची यादी मिळाली. त्या यादीवर खुणा करत गेली तर जवळजवळ प्रत्येक नायक ख्रिस्तच निघतो, म्हणून ती गोंधळली आहे. तिचे शब्द असे: “मॅडम, ज्याले मारलं अन् जो उठून बसला, तो येशूच झाला ना? मंग अजून पाहाचं काय आहे त्यात? अन् आमच्या गावात तं एकही ख्रिश्चन घर नाही. मी हे लिहू शकतो का?”

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो सगळ्यात सोपा आहे. लिहू शकतेस, बेटा, आणि चांगलं लिहू शकतेस. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढले. नागपूरपासून दोन-अडीच तासांवरच्या तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलं. या विषयावरची सगळ्यात नेमकी निरीक्षणं मला चर्चमध्ये वाढलेल्या मुलांकडून फार कमी मिळाली. त्यांना ती गोष्ट इतकी पाठ असते की ती ऐकूच येत नाही. ज्याला ती नवी आहे, त्याला तिच्यातलं विचित्रपण दिसतं. आणि तुझ्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशातल्या अभ्यासकाकडे नाही. ती म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्याच्याकडे येतेच.

आधी ती यादी. अँटन कार्ल कोझलोविच या अभ्यासकानं २००४ साली सिनेमातल्या ख्रिस्तसदृश पात्रांची पंचवीस लक्षणं मांडली. बाहेरून आलेला माणूस, वय तिशीचं, साधे कपडे, भोवती बारा सोबती, त्यांतला एक घात करणारा, पसरलेले हात, निळे डोळे, नावाची आद्याक्षरं सुद्धा. ही यादी वाईट नाही. पण ती खुणांची यादी आहे, अर्थाची नाही. शेतात बुजगावणं उभं असतं, हात पसरलेले असतात. त्याला आपण क्रूस म्हणत नाही. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं वर्गात अशाच याद्या दिल्या. मुलांनी खुणा केल्या, गुण घेतले, आणि मालिका एका अंगुळानंही जास्त कळली नाही. ती चूक माझी होती, म्हणून तुला आज हे एवढं लांबवून सांगते आहे.

आता मारबत. पोळ्याच्या रात्री दारात पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या पहाटे ते मेढे उचलून गावाच्या शिवेबाहेर न्यायचे आणि ओरडायचं, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत!” ढेकूण, डास, रोगराई, जे जे नको ते तिच्या माथी. नागपुरात काळी आणि पिवळी मारबत मिरवणुकीनं निघते आणि शेवटी जाळली जाते. तू हे लहानपणापासून पाहिलं आहेस. आता मला सांग, मारबतीला कोणी विचारलं होतं का? तिच्यासाठी कोणी रडतं का? नाही. ती गेली की गाव हलकं होतं, बस.

बायबलमध्येही ही गोष्ट आहे, येशूच्या कितीतरी आधी. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दोन बकरे आणतात. एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक सगळ्या लोकांची पापं त्याच्यावर लादतो आणि त्याला रानात सोडून देतात. ही मारबतच झाली. जगभर ही रीत आहे. लोकांचं दुखणं एकावर लादायचं, त्याला बाहेर काढायचं आणि शांत व्हायचं.

शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राची, गोष्ट वरून अगदी अशीच दिसते. जमाव ओरडतो, एकाला शहराबाहेर नेतात, मारतात. पण सांगणारा कोणाच्या बाजूनं उभा आहे ते बघ. तो जमावाच्या बाजूनं नाही, मारल्या जाणाऱ्याच्या बाजूनं उभा आहे. हा निर्दोष आहे, हे तो पुन्हापुन्हा सांगतो. रने जिरार या फ्रेंच विचारवंतानं आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला. दुसरा फरक असा की येशूला विचारलेलं आहे, आणि त्यानं हो म्हटलेलं आहे. गेथशेमाने बागेत तो ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ म्हणतो आणि तरी जातो. तिसरा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परत आल्यावर तो बदला घेत नाही.

म्हणून तुझ्या प्रकल्पात ‘मेला का आणि उठला का’ हा प्रश्न दुय्यम ठेव. मुख्य प्रश्न तीन: ओझं कोणाचं होतं? त्यानं ते कळून उचललं का? आणि ज्यांनी त्याला मारलं, त्यांच्याशी तो नंतर कसा वागला? तिसरा प्रश्न बहुतेक लेखांत विचारलेलाच नसतो.

तुझ्या पहिल्या प्रकरणातला जॉन स्नो घे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पाचव्या सीझनच्या शेवटी, जून २०१५ मध्ये, पहारा देणाऱ्या दलातले त्याचेच सोबती त्याला फसवून बाहेर बोलावतात. लाकडावर ‘गद्दार’ असा फलक लावलेला असतो. येशूच्या डोक्यावरही आरोपाची पाटी लावली होती. एकेक जण येतो, ‘पहाऱ्यासाठी’ म्हणतो आणि सुरा खुपसतो. शेवटचा वार एका पोराचा. सहाव्या सीझनच्या दुसऱ्या एपिसोडमध्ये तो मेजावर पडलेला, कमरेला कापड, अंगावर उघड्या जखमा. एक स्त्री त्या जखमा धुते. सगळे निघून गेल्यावर तो श्वास घेतो. खुणा मोजल्या तर यादी भरून जाते, आणि त्या खुणा बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून ठेवल्या आहेत यात मला शंका नाही. त्याचा मित्र त्याला सांगतोही, लोक तुला देव समजताहेत. तो म्हणतो, मी देव नाही.

पण पुढच्याच एपिसोडमध्ये काय होतं? पलीकडे काय पाहिलंस असं विचारल्यावर तो सांगतो, काहीच नाही. मग तो चौघांना फासावर चढवतो, त्यात ते पोरही असतं. दोर तो स्वतः कापतो, अंगरखा काढून दुसऱ्याला देतो आणि माझा पहारा संपला म्हणून चालू लागतो.

याच्या शेजारी योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय ठेव. येशूला पकडल्यावर त्याचा शिष्य पेत्र यानं तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलेलं आहे. म्हटलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर येशू तळ्याच्या काठी कोळशाचाच विस्तव पेटवतो, त्यावर मासे भाजतो, भाकर ठेवतो आणि ‘या, न्याहारी करा’ म्हणतो. मग पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? जितक्यांदा नाकारलं, तितक्यांदा परत येण्याची वाट. सगळ्या बायबलात मला हा प्रसंग सगळ्यात जवळचा वाटतो. एवढं मोठं मरण झालं आणि परत येऊन काम काय, तर रात्रभर जाळं टाकून थकलेल्यांना खाऊ घालणं.

जॉन स्नोला ख्रिस्ताचं शरीर दिलं आहे, ख्रिस्ताची न्याहारी दिलेली नाही. हे मालिकेचं अपयश आहे असं लिहू नकोस. त्या जगाचं म्हणणंच ते आहे: इथे मेलेला उठू शकतो, पण माफी देता येत नाही. हे वाक्य तुझं प्रकरण उभं करेल.

‘सुपरनॅचरल’बद्दल थोडक्यात. तू त्यातल्या नायकाला, डीनला, ख्रिस्तसदृश लिहिलं आहेस, कारण तो नरकात जाऊन परत येतो. चौथ्या सीझनच्या पहिल्या एपिसोडचं नाव वाच, ‘लाझारस रायझिंग’. उत्तर तिथेच आहे. लाझारस म्हणजे बायबलातला लाजर. त्याला मेल्यावर येशूनं उठवलं, तो आपण होऊन उठला नाही. योहानात लाजर कबरीतून बाहेर येतो तेव्हा हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले असतात, इतरांना ती सोडावी लागतात. येशूच्या कबरीत वस्त्रं मागे पडलेली सापडतात, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळलेला. डीनच्या खांद्यावर त्याला ओढून काढणाऱ्या देवदूताच्या हाताचा ठसा उमटलेला असतो. तो वाचवलेला माणूस आहे. वाचवणारा वेगळा आणि वाचलेला वेगळा, एवढा भेद पाळलास तरी तुझी अर्धी यादी गळून पडेल.

‘लॉस्ट’मध्ये नायकाचं आडनाव शेफर्ड, म्हणजे मेंढपाळ, आणि बापाचं नाव ख्रिश्चन. २०१० च्या शेवटच्या एपिसोडमध्ये त्या नावावर एक पात्रच आश्चर्य करतं. नाव ही सगळ्यात कच्ची खूण, तिच्यावर अर्ध्या पानापेक्षा जास्त खर्चू नकोस. त्याच एपिसोडमधल्या चर्चच्या खिडकीकडे मात्र नीट बघ. रंगीत काचेवर क्रूसासोबत ॐ आहे, चंद्रकोर आहे, धर्मचक्र आहे. म्हणजे मालिका चर्चमध्ये संपते, पण एका धर्माची म्हणून संपायला तयार नाही.

आता जे पात्र तू घेतलेलंच नाहीस, त्यावर मला थांबायचं आहे. मालिका मात्र तू घेतलेलीच, रक्तपिशाच्चांशी लढणाऱ्या मुलीची: ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ (१९९७ ते २००३). बफीवर तू लिहिलं आहेस ते बरोबर आहे. पाचव्या सीझनच्या शेवटी, मे २००१ मध्ये, धाकट्या बहिणीच्या रक्तानं उघडलेलं जगाचं भगदाड बंद करायला बफी स्वतः उडी घेते. हात पसरलेले, पहाट होत आलेली. निर्दोष आहे, कळून करते आहे, दुसऱ्यासाठी करते आहे. सहाव्या सीझनमध्ये तिची मैत्रीण विलो जादूनं तिला परत आणते, आणि मग कळतं की ती शांतीत होती, तिला तिथून ओढून काढलं. पुनरुत्थान हीच तिची शिक्षा होते. यावर तू दोन पानं लिहिली आहेस, चांगली आहेत.

पण त्याच सहाव्या सीझनचा शेवट बघ, मे २००२. विलोची प्रेयसी गोळी लागून मेली आहे. दुःखानं वेडी झालेली विलो खून करते आणि शेवटी सगळ्या जगाचं दुखणं थांबवायचं म्हणून जगच संपवायला निघते. बफीची ताकद तिथे कामी येत नाही. विलोसमोर येऊन उभा राहतो तो तिचा लहानपणापासूनचा मित्र झँडर. त्याच्याकडे कसलीही शक्ती नाही. तो सुतारकाम करतो. हो, सुतार. विलो त्याच्यावर वार करते, छातीवर जखमा होतात, तो पडतो, उठतो आणि म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती पुन्हा मारते, तो पुन्हा तेच म्हणतो. बालवाडीच्या पहिल्या दिवशी तुझा पिवळा क्रेयॉन मोडला आणि तू रडलीस, ती विलो मला आवडते आणि ही समोरची भयंकर विलोही आवडते, असं सांगतो. तिनं पश्चात्ताप करावा ही अट तो घालत नाही. शेवटी तिचे हात खाली येतात आणि ती त्याच्या कुशीत रडते.

तो मरत नाही. उठतही नाही. पंचवीसच्या यादीत त्याला फार गुण पडणार नाहीत. पण माझ्या तिन्ही प्रश्नांवर फँटसी मालिकांतलं इतकं खरं ख्रिस्तसदृश पात्र मी दुसरं पाहिलेलं नाही. पार्श्वभूमीला गाणं वाजतं ते संत फ्रान्सिसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनेचं: जिथे द्वेष तिथे मला प्रीती पेरू दे. (ती प्रार्थना मुळात फ्रान्सिसची नाही, १९१२ साली एका फ्रेंच मासिकात पहिल्यांदा छापून आली. तळटीप देशील तर ही दे.) आणि मालिकेचा निर्माता जॉस वीडन स्वतःला नास्तिक म्हणवतो. त्यामुळे लेखकाचा धर्म कोणता यावर प्रकरण उभं करू नकोस. आपल्याकडे देवाला न मानणारा माणूसही ‘अग्निपरीक्षा’ म्हणतोच. प्रतिमा भाषेत मुरलेल्या असतात.

जिथे लेखकाचा हेतू उघड आहे, तिथलं काम सोपं असतं. सी. एस. लुईसच्या नार्नियावर बीबीसीनं १९८८ मध्ये मालिका केली. त्यातला सिंह अस्लान गद्दारी केलेल्या एका पोराच्या जागी मरतो, दोन मुली रात्रभर जवळ राहतात आणि पहाटे त्याला जिवंत पाहणाऱ्याही त्याच. लुईसचं म्हणणं होतं की हे रूपक नव्हे, ही कल्पना आहे: असं एक जग असतं आणि ख्रिस्त तिथे आला असता तर? ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनला तर रूपककथा मुळीच आवडत नसे. तरी त्यानं अंगठी नष्ट होण्याची तारीख २५ मार्च ठेवली, जी जुन्या ख्रिस्ती परंपरेत येशूच्या वधाचा दिवस मानली जाई. दोघे मित्र, दोघे श्रद्धावान, पण एकानं सिंह उभा केला आणि दुसऱ्यानं तारीख लपवली.

आता पुन्हा आपल्या गावाकडे. ‘इडा पिडा’ हा शब्द आपण वर्षातून दोनदा म्हणतो, हे तुझ्या लक्षात आलं आहे का? एकदा तान्ह्या पोळ्याला, ‘घेऊन जा गे मारबत’. आणि एकदा दिवाळीत, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’. शब्द तोच, पण वाट वेगळी. पहिलीत दुखणं एकावर लादून त्याला हाकलतो. दुसरीत ज्याला अन्यायानं पाताळात दाबलं, त्या दात्या राजाच्या परत येण्याची वाट पाहतो. बळीराजा देतो, शब्द पाळतो, शेवटच्या पावलासाठी स्वतःचं डोकं पुढे करतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवलं, ते उगाच नाही. म्हणजे ‘ख्रिस्तसदृश पात्र’ ओळखायचं काम मराठीत दीडशे वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि ते करणारा माणूस चर्चमधला नव्हता. तुझ्या ‘मी लिहू शकतो का’चं हे खरं उत्तर.

त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्सनं अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापलं होतं. आणि आपल्या भागाचा धागा हवा असेल तर रेव्हरंड ना. वा. टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका परक्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. माझी आजी ते अभंग जात्यावर म्हणायची. म्हणून असेल, पण झँडर जखमा झेलत उभा राहतो तेव्हा मला तो योद्धा वाटत नाही. लेकराच्या लाथा खात त्याला कुशीत धरणारी आई दिसते.

एक तुलना जपून कर. दधीचीनं इंद्राला वज्रासाठी हाडं दिली, हे तू समारोपात लिहिलं आहेस. ते देणं मोठं आहे, कळून केलेलं आहे. पण दधीची मित्रांसाठी देतो, त्याला मारणाऱ्यांसाठी नाही. दोन्ही एकच आहेत म्हणून मिटवून टाकशील तर दोन्हींवर अन्याय होईल. फरक मांड आणि तिथेच सोड.

कामाचं थोडं. डबिंगवर विसंबू नकोस. हिंदीत कुठल्याही तारणहाराला ‘मसीहा’ म्हणून टाकतात, आणि तो शब्द मुळात ख्रिस्ताचाच. मूळ संवादात साधं ‘वाचवणारा’ असेल आणि तू ‘मसीहा’वर परिच्छेद लिहिशील. महत्त्वाचे प्रसंग मूळ इंग्रजीत, खाली अक्षरं लावून पुन्हा बघ. मराठी बायबल वाचताना ‘वधस्तंभ’ आणि ‘क्रूस’ हे दोन्ही शब्द भेटतील. पहिल्यात शिक्षा ऐकू येते, दुसऱ्यात चिन्ह. मालिकेतल्या लाकडाबद्दल लिहिताना कुठला शब्द घेतेस, त्यानं अर्थ बदलतो. सगळं बायबल वाचायची गरज नाही. मार्काचे १४ ते १६ अध्याय, योहानाचे ११, २० आणि २१, यशयाचा ५३ आणि लेवीयाचा १६ एवढे दोन संध्याकाळींत होतात.

आणि जमलं तर उत्तम शुक्रवारी जवळच्या कुठल्या मंडळीत जाऊन बस. दुपारी बारा ते तीन भक्ती असते, क्रूसावरच्या सात वचनांवर. कोणी काही विचारत नाही, मागच्या बाकावर जागा असते. चौथ्या वचनाला कान दे: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ मग घरी येऊन तुझ्या यादीतल्या प्रत्येक नायकापुढे लिही, याला इतकं एकटं कोणी सोडलं होतं का, आणि सोडणाऱ्याकडे तो परत गेला का. तो तक्ता मला पाठव.